भोंगा नावाचं कर्नेल

फोनचं पोट फुगलं होतं. मागचं झाकण एका बाजूनं उचकटलेलं, आत बॅटरी उशीसारखी टम्म. आईच्या लोखंडी कपाटात, शालींच्या घडीखाली, बाबांच्या चष्म्यांच्या रिकाम्या घरांशेजारी तो मला सापडला. डांबरगोळ्यांचा वास त्याला लागला होता. मी नागपूरहून चार दिवसांसाठी बालाघाटला आले होते. मार्गशीर्षाची थंडी होती. आई म्हणाली होती, "कपाट आवरून दे बाई, माझे हात वर पोचत नाही आता." म्हणून मी कपाट आवरत होते. बाकी काही शोधत नव्हते.

बटण दाबून पाहिलं. काही झालं नाही, होणारही नव्हतं. तरी मी ते तीनदा दाबलं. मग काच ओढणीनं पुसली आणि तो हातात धरून खाली फरशीवर बसून राहिले. अंगणात बाबा बाजेवर उन्हाला पाठ करून बसले होते. त्यांना मी दिसत नव्हते, आणि आता हाकही ऐकू जात नाही.

ते दिवस मला आधी वासानं आठवतात. उकडलेल्या धानाचा वास, ओला, गोडसर, किंचित आंबूस. बाबा लालबर्ऱ्याच्या एका राइस मिलमध्ये मिस्त्री होते. सकाळच्या बसनं जायचे, दिवेलागणीला परत यायचे, आणि येताना तो वास सोबत घेऊन यायचे. भुवयांवर कोंडा, कानांच्या पाळीवर कोंडा, बंडीच्या शिवणीत कोंडा. ते मोरीत हातपाय धूत असले की पाण्यावर कोंड्याचा पिवळट पापुद्रा तरंगायचा. ताई आणि मी लहानपणी त्यावर बोटानं नावं काढायचो. ती पुसून जायची.

मिलनं बाबांचे कान हळूहळू नेले. एकदम नाही. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिटी, मग आईचं स्वयंपाकघरातून बोलणं. बाबांना वाटायचं जगच हळू बोलायला लागलंय. "लोकाइले झालं काय? आजकाल सारे कुजबुजून राह्यले," असं ते खरोखर तक्रारीच्या सुरात म्हणायचे. मिलच्या पट्ट्याचा, हलरचा, पंख्याचा तो अखंड धबधबा त्यांच्या कानांत कायमचा राहिला होता. त्याच्यावरून जे उंच उडी मारेल तेवढंच आत यायचं. मिलचा भोंगा मात्र त्यांना नोकरीच्या शेवटपर्यंत ऐकू यायचा. "भोंग्यासारखं बोला नं जरासं," ते म्हणायचे, आणि आम्ही दोघी हातांचा कर्णा करून एकदम ओरडायचो.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. अर्चना तिचं नाव, घरात अर्चू. इथल्याच कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकली. घरात सेकंडहँड कॉम्प्युटर होता, मधल्या खोलीत, आईच्या शाळेतल्या मुलांच्या तपासायच्या कॉप्यांच्या गठ्ठ्यांशेजारी. त्याचं झाकण ताईनं कायमचं काढून ठेवलं होतं आणि आत टेबलफॅनचा वारा सोडला होता. उन्हाळ्यात खिडकीतला कूलर सुरू व्हायचा. वाळ्याचा ओला वास, तापलेल्या तारांचा वास आणि लाल शाईचा वास त्या खोलीत एकत्र नांदायचे. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून ताई स्क्रीनसमोर मांडी घालून बसायची. मला ती एखाद्या उन्हातल्या मजुरिणीसारखी दिसायची, आणि ते मी तिला सांगितलं तर ती खूश व्हायची.

पुण्याची नोकरी लागली तेव्हा जायला चार महिने होते. बाबांसाठी पहिला टच फोन तेव्हाच आला. त्यांना फोटो नको होते, व्हिडिओ नको होते, दूर गेलेली पोरगी कानाशी हवी होती. पहिल्याच दिवशी ताई गच्चीवर गेली आणि तिथून तिनं बाबांना फोन लावला. बाबांनी फोन कानाला लावला, दाबला, दुसऱ्या कानाला लावला, मग हातात घेऊन त्याच्याकडे पाहिलं.

"कोणी आहे काय याच्यात?" ते म्हणाले.

आवाज पुरा वाढवलेला होता. गच्चीवरून खाली येणारी ताईची पावलं मला अजून आठवतात. एकेक पायरी, सावकाश.

त्या दिवसापासून तिनं ते मनावर घेतलं. मला ती समजावून सांगायची, आणि मला समजायचं नाही तरी मी मान हलवायची. फोनमध्ये आवाजाची हद्द कंपनीनं बांधून दिलेली असते, बटणानं त्या हद्दीपर्यंतच जाता येतं, पुढं नाही. कान खराब होऊ नयेत म्हणून. "अन् ज्याचे कान मिलनंच खाल्ले, त्यानं काय जपावं?" ताई चिडून म्हणायची. ती हद्द सॉफ्टवेअरच्या ज्या भागात लिहिलेली असते त्याला कर्नेल म्हणतात. ते आपलं आपण बनवून कंपनीच्या कर्नेलच्या जागी बसवता येतं. जगभरचे लोक बसवतात. कुणाला बॅटरी पुरवायची असते, कुणाला वेग हवा असतो. ताईला फक्त कानाशी येणारा आवाज हवा होता.

बाबांनी विचारलं, "कर्नेल म्हणजे काय गं?"

ताई त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून म्हणाली, "तांदूळ, बाबा! तुम्ही वरचं टरफल पाह्यता नं फोनचं, ते नाही. आतला दाणा. तो बदलून राह्यली मी."

"मंग तूस नोको पडू देजो," बाबा गंभीरपणे म्हणाले. मिस्त्री माणूस. त्यांना एवढं पुरेसं होतं.

कर्नेल बनवायचा कच्चा माल इंटरनेटवरून उतरवायला दोन दिवस लागले. आमच्याकडे डोंगल होता आणि त्याला गच्चीच्या एकाच कोपऱ्यात रेंज मिळायची, म्हणून पाण्याच्या टाकीच्या सावलीत मैत्रिणीचा लॅपटॉप ठेवून आम्ही पाळीपाळीनं राखण बसलो. मग त्या मालातून कर्नेलची बांधणी. आई शाळेत गेली की ताई ती सुरू करायची. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी खालून वर धावत सुटायच्या, तास, दीड तास, दोन तास. आम्ही दोघी पाहत बसायचो. नदीकाठी बसून पाणी पाहावं तसं. आणि मग लाईन जायची. कूलरचा घरघराट एकदम थांबायचा, स्क्रीन विझायची, आणि त्या शांततेत ताई कपाळावर हात मारून म्हणायची, "गेलं. सारं पाण्यात." लाईन आली की पुन्हा पहिल्यापासून. वैशाख असा गेला.

पहिल्यांदा ते फोनवर बसवलं तेव्हा फोन उठलाच नाही. त्याआधी फोनला कंपनीनं घातलेलं कुलूप काढताना त्यातलं सगळं पुसलं गेलं होतं, त्याची तिनं कल्पना दिली होती. पण हे वेगळं होतं. कंपनीचं नाव यायचं, जायचं, यायचं, जायचं. सकाळपासून दुपारपर्यंत. ताई जेवली नाही. रविवार होता, बाबा घरी होते. ते आले, तिच्याशेजारी मांडी घालून बसले, आणि फोनकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मशीन बंद पडली तं आपण पयले पट्टा पाहतो. मंग बेरिंग. मंग मोटर. मोटर जळाली असं पयलेच नाही म्हणाव माणसानं." ताई रडता रडता हसली. मग तिनं उलटं मोजत जावं तसं एकेक पाऊल मागे जाऊन पाहिलं आणि चार वाजता तिला स्वतःची चूक सापडली. एक ओळ चुकली होती. एक ओळ.

त्यानंतरचे आठ दिवस आमच्या घरातले सगळ्यात सुखाचे दिवस होते असं मला आता वाटतं. तेव्हा तसं काही वाटत नव्हतं. ताई गच्चीवरून फोन करायची, मी बाबांजवळ वही घेऊन बसायची. ती बाबांच्या फोनमध्ये आवाजाचा एक आकडा बसवायची आणि वर जाऊन तांदळाच्या जाती म्हणायची, चिन्नोर, लुचई, काली कमोद, जीराशंकर. बाबांनी जे ऐकू आलं ते परत म्हणायचं आणि मी ते त्या आकड्यापुढं लिहायचं. दहावर बाबा म्हणाले, "काहीच नाही." चौदावर म्हणाले, "सुपारी? सुपारी म्हणते काय ते?" वीसवर त्यांनी फोन झटक्यानं दूर धरला, "अरे बाप रे, भोंगा झाला हा तं!" आवाज फाटत होता, पट्टा घसरल्यासारखा. ताई आकड्यांची एकेक पायरी खाली उतरत आली. सतरावर बाबा थांबले. डोळे मिटले. मग सावकाश, शाळेतल्या मुलासारखे म्हणाले, "चिन्नोर. लुचई. काली कमोद. जीराशंकर." आणि थोडं थांबून म्हणाले, "सर्दी झाली काय तुले? आवाज बसला आहे."

तिला खरंच सर्दी झाली होती. वर गच्चीवर ती मटकन खाली बसल्याचा आवाज मी ऐकला.

त्या कर्नेलचं नाव तिनं भोंगा ठेवलं. फोनच्या सेटिंगमध्ये अगदी तळाशी, फोनची माहिती असते तिथं, कर्नेलची एक ओळ असते. ती कोणी बघत नाही. ताईनं मला ती दाखवली. इंग्रजीत भोंगा, आणि त्याखाली ते कोणी आणि कुठं बांधलं ते: अर्चू, मग ईमेलमध्ये असतो तो गोल अ, मग बालाघाट. "कायमचं राहते हे?" मी विचारलं. "कोणी बदलवलं नाही तं कायमचं," ती म्हणाली. मग बोट रोखून म्हणाली, "छोटी, ऐक. कोणत्या दुकानात याच्यात सॉफ्टवेअर टाकू देऊ नोको. टाकलं का हे गेलं."

मी हौ म्हटलं.

तिनं ते कर्नेल इंटरनेटवर असं काम करणाऱ्यांच्या एका चौकात, फोरमवर, ठेवून दिलं, कुणाला लागलं तर असावं म्हणून. लोक आले. थँक यू ब्रदर, ग्रेट वर्क सर. ताई कधी दुरुस्त करायची नाही. एकानं विचारलं भोंगा म्हणजे काय. तिनं उत्तर दिलं, माझ्या वडिलांचा शब्द आहे.

आषाढात ती गेली. गोंदियाला गाडीत बसवून आम्ही परत आलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्यांमध्ये बाया रोपं लावत, रोवणा करत होत्या. चिखलात पाठी वाकलेल्या, डोक्यावरून पाठीवर पावसाच्या मोऱ्या पांघरलेल्या. बाबा खिडकीशी बसून फोन शर्टाच्या आतल्या खिशात ठेवत, पुन्हा काढत, पुन्हा ठेवत होते.

मग दर रविवारी सकाळी दहा वाजता. बाबा साडेनऊलाच दाढी करून बाजेवर येऊन बसायचे. आई गमतीनं म्हणायची, "नवरदेव बसला." फोन वाजला की त्यांच्या चेहऱ्यावर काय व्हायचं ते मला सांगता येत नाही. ते खूप बोलायचे. आमच्याशी जे दिवसभर बोलायचे नाहीत ते सगळं तिकडं सांगायचे. मिलमध्ये नवीन पॉलिशर आला, पण तांदूळ तुटून राह्यला. शेजारच्यांची गाय व्याली. "काय म्हणतं? हिंजवडी? काय आहे ते, गाव आहे काय?" दोन वर्षं असे रविवार गेले. शंभरेक असतील. मला त्यातला एकही पूर्ण आठवत नाही. कारण तेव्हा मी आत असायची, अभ्यास करत, किंवा अभ्यासाचं नाव करून पडलेली.

आता मला जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

ती गेल्याला दोन वर्षं झाली त्या श्रावणात बाबांचा फोन अडकायला लागला. उचलेपर्यंत वाजणं थांबायचं. ताईला सांगितलं असतं तर तिनं फोनवरून मला एकेक पायरी सांगितली असती. पण माझी बीएस्सीची परीक्षा होती, मला कंटाळा आला होता, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही होता. घरातलं प्रत्येक यंत्र पुण्याला विचारून का चालवायचं? मी बाजारातल्या एका मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "दीदी, नया सॉफ्टवेअर डाल देता हूँ, मक्खन चलेगा." ताईचं बोट मला आठवलं का? आठवलं. मी मनाशी म्हटलं, बघू, काय होते. पाऊण तासानं फोन हातात आला. खरोखर लोण्यासारखा चालत होता. तळाशी जाऊन ती ओळ मी पाहिली नाही.

बाबा काही बोलले नाहीत. रविवारी दहाला फोन यायचा, ते कानाला लावायचे आणि म्हणायचे, हौ. हौ बेटा. हौ हौ. बस एवढंच. मला वाटलं, वय झालं, बोलणं कमी झालं. भाद्रपदात ताईनं मला माझ्या फोनवर विचारलं, "छोटी, बाबा नाराज आहे काय माझ्यावर? नुसतं हौ हौ करतात." मी म्हटलं, "छट, थकतात गं ते आता." तिला ते पटलं. आपल्या माणसांना आपलं खोटं फार लवकर पटतं.

त्या दिवाळीला ती आली नाही. बरं वाटत नाही म्हणाली. कार्तिकात तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचा फोन आला, दवाखान्यात ठेवलंय. आई मामासोबत त्याच दिवशी गोंदियाहून गाडीत बसली. बाबा आणि मी दोन दिवसांनी निघणार होतो. काय झालं होतं, कसं झालं, ते मला इथं लिहायचं नाही. लिहून ते कमी होत नाही.

आई गाडीत होती त्या दुपारी मी कॉलेजात प्रॅक्टिकलला होते. बाबा घरी एकटे. मैत्रीण डबा आणायला खाली गेली असताना ताईनं दवाखान्यातून बाबांना फोन केला. मी घरी आले तेव्हा बाबा बाजेवर बसले होते, फोन दोन्ही हातांत धरलेला, ओंजळीत पाणी धरावं तसा.

"अर्चूचा फोन आलता," ते म्हणाले.

"काय म्हणे?" मी ओरडून विचारलं.

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बरी आहे म्हणे."

मी खूश झाले. त्या संध्याकाळी मी आमच्या दोघांचा स्वयंपाक केला, वांग्याची भाजी आणि भात. सकाळी आई पोचली तेव्हा ताई बोलण्याच्या पलीकडे गेली होती. आम्ही पोचलो तेव्हा काहीच उरलं नव्हतं.

तेरवी झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, मी बाबांचा फोन घेतला. त्यात तिचा शेवटचा कॉल होता, अकरा मिनिटांचा. मला वेडी आशा होती की तो रेकॉर्ड झाला असेल. नव्हता. मग का कोण जाणे, मी आईचा फोन तिच्या हातात दिला, तिला बाहेर ओट्यावर पाठवलं, आणि म्हटलं बोल काहीतरी. बाबांचा फोन मी माझ्या कानाला लावला. माझे कान धडधाकट होते. तरी मला तो दाबून धरावा लागला. आई लांबून, विहिरीतून बोलल्यासारखी म्हणत होती, "काय बोलू? बोलू काय मी?"

मी सेटिंगमध्ये गेले, अगदी तळाशी. त्या ओळीत कुठल्याशा कारखान्यातल्या मशीनचं नाव होतं. अर्चू नव्हती, बालाघाट नव्हतं.

ताईचा कॉम्प्युटर मधल्या खोलीत चादरीखाली होता. मी चादर काढली. पंधरा दिवस मी त्याच्यासमोर बसले, रोज सकाळी, आई शाळेत गेल्यावर, तशीच. कर्नेल त्या चौकात होतं तसंच पडून होतं, आणि त्याच्या वर ताईनं लिहिलेल्या सूचना. ती इंग्रजी साधं लिहायची, परक्या माणसाला घाबरवायचं नाही म्हणून. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. तुमच्या माणसांचे फोटो दुसरीकडे काढून ठेवा, इथं सगळं पुसलं जाईल. आता हे करा. आता ते करा. घाई करू नका. पहिल्यांदा सुरू व्हायला फोन वेळ घेतो, तेव्हा त्याला हात लावू नका, उठा, पाणी प्या, परत या.

खाली लोकांचे प्रश्न साठले होते. नवीन आवृत्ती कधी? सर, कुठं आहात? ब्रो, तू जिवंत आहेस ना? ते गमतीनं विचारतात तसं. मी त्यांच्याखाली लिहिलं, की हे बनवणारी माझी मोठी बहीण होती, अर्चना तिचं नाव, ती आता नाही. दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी दूरच्या देशातल्या माणसानं फक्त एवढंच लिहिलं होतं, माझ्या आईला माझा आवाज हिच्यामुळं ऐकू येतो.

मी दोनदा चुकले. तिसऱ्यांदा सगळं नीट झालं, कंपनीचं नाव पडद्यावर आलं आणि तसंच थांबून राहिलं. मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. माठातलं पाणी थंडगार होतं, दात कळवळले. परत आले तेव्हा फोन उठला होता. तळाशी गेले. ती होती. अर्चू, गोल अ, बालाघाट. आणि ज्या दिवशी ते बांधलं त्या वैशाखातल्या दिवसाची तारीख. मी तो पडदा विझू देत नव्हते, विझायला आला की बोट लावत होते.

मग फोन बाबांना दिला, गच्चीवर गेले, टाकीपाशी उभी राहिले आणि त्यांना लावला. चिन्नोर, मी म्हटलं. लुचई. काली कमोद. जीराशंकर. खालून बाबांनी चारही नावं बरोबर म्हटली. मग म्हणाले, "आता येते ऐकू."

आता. त्या एका शब्दावर मी किती वर्षं झोपले नाही. त्यांना कळलं होतं की मधे काहीतरी गेलं होतं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यानंतर मी नागपूरला गेले, मी रविवारी दहाला फोन करायची, आणि ते बोलायचे, थोडंसं. पुढं तो सतराचा आवाजही त्यांच्या कानांना पुरेना झाला. कानात मशीन आलं, मग मशीनही नुसतं शोभेला राहिलं. फोन कपाटात गेला.

म्हणून या मार्गशीर्षात, फुगलेला फोन मांडीवर घेऊन फरशीवर बसले असताना, मला वाटलं की हे आता सांगायलाच पाहिजे. पण बाबांना काही सांगायचं म्हणजे लिहावं लागतं. आणि बरंच झालं, अशी गोष्ट ओरडून सांगता येत नाही. मी मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं घेतली. त्यांच्या कोऱ्या बाजूंवर, मोठ्या अक्षरात, श्रावणातल्या दुकानापासून सगळं लिहिलं. ताईनं बजावलं होतं तेही लिहिलं. शेवटी लिहिलं, तिचं शेवटचं बोलणं तुम्हाला ऐकू आलं नाही ते माझ्यामुळं.

अंगणात जाऊन पानं त्यांच्या हातात दिली आणि बाजेच्या कडेला बसले. ऊन कोवळं होतं. कुणाकडे तरी नवा तांदूळ शिजत होता, त्याचा वास भिंतीवरून येत होता. बाबांनी चष्मा लावला. ते ओठ हलवत, बोट फिरवत, सावकाश वाचत होते. चार पानं. मी त्यांच्या बोटाकडे पाहत होते, ते कुठल्या ओळीवर आहे ते मला कळत होतं, आणि दुकानाच्या ओळीवर ते थांबलं नाही.

वाचून झाल्यावर त्यांनी पानांची नीट घडी केली.

"मले मालूम होतं," ते म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळं ते आता फार हळू बोलतात. "फोन दुकानातून आला त्याच्या पयल्याच रविवारी मालूम पडलं."

मी घाईनं त्या घडीच्या कोपऱ्यात लिहिलं, मग सांगितलं का नाही?

"कोणाले सांगू? तुले सांगतो तं तुले लागलं असतं. तिले सांगतो तं ते नोकरी टाकून धावत आली असती, दाणा बदलवाले." ते थोडं हसल्यासारखे झाले. "म्हटलं दिवाळीले येईनच नं. तवा सांगू. दोन-तीन महिन्यांचा तं सवाल आहे."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"त्या दिवशी अकरा मिनिटं ते बोलली," बाबा म्हणाले. "मले एक शब्द नाही समजला बेटा. बोलून राह्यली येवढंच समजे. बाजूच्या घरात कोणी बोलते तसं. मी हौ म्हणत गेलो. तिनं पाणी मागतलं असन, हौ म्हटलं. घरी घेऊन चला म्हटलं असन, हौ म्हटलं. काय मागतलं ते मले नाही मालूम. पण मी कशालेच नाही म्हटलं नाही."

कॅलेंडरची घडी ते बोटांनी पुन्हापुन्हा दाबत होते.

"मधात ते थांबली. बराच वेळ. मले वाटलं कटला फोन. मंग मी बोललो. म्हटलं, पायलीले रामाले सांगतलं आहे म्या, अर्चूले आण म्हणून, अन् तू आली का त्याच्यापाशी तुलेच भांडाले पाठवतो, येवढा उशीर काहून केला म्हणून." रामपायलीच्या मंदिरात बाबा वर्षातून एकदाच जायचे, आणि नवस कधी बोलायचे नाहीत. हा नवस मला माहीतच नव्हता.

"मंग?" मी तोंडानंच म्हटलं. माझे ओठ त्यांना वाचता आले.

"मंग हसली," बाबा म्हणाले. "हसली म्हणजे तिचा श्वास नाकातून फुसकन निघे, लहानपणापासून. तो फोनवर आपटला. फस्स. तेवढा आला ऐकू." त्यांनी आपल्या उजव्या कानाला हात लावला. "येवढा आला."

आतून आई जेवायला हाक मारत होती. मी उठले, बाबांना हात देऊन उठवलं आणि आम्ही जेवायला गेलो.